एकदाच सडलेला

भातगिरणी,
९ जानेवारी

ताई,

आईला आणि तुला नमस्कार. उशिरा लिहितोय म्हणून तोंड फुगवू नकोस, आधी बातमी ऐक. मी अजून त्याच भातगिरणीत आहे. हो, त्याच! वीटभट्टी सोडली, गोदी सोडली, बर्फाचा कारखाना तर पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच सोडला, पण इथे टिकलोय. आईला सांग, तुझ्या भिंगरीला खिळा सापडला.

आता मला पॉलिशच्या यंत्रावर घेतलंय. शेतातून भात येतं ते टरफलासकट. पहिल्या यंत्रात रबराचे दोन रूळ उलटसुलट फिरतात, त्यात टरफल सुटतं आणि पंखा ते उडवून लावतो. आतला दाणा निघतो तपकिरी, मळकट, आंघोळीला टाळाटाळ करणाऱ्या पोरासारखा. तो माझ्याकडे येतो. माझं यंत्र त्याला घासतं. एकदा घासला की गव्हाळ, दोनदा घासला की पांढरा, चारदा घासला की मोती! खाली कोंड्याची धार लागते, पिवळसर, तेलकट, पिठासारखी मऊ. तो कोंडा तेलवाले नेतात, नाहीतर कोंबडीवाले. शिफ्ट सुटते तेव्हा माझ्या भुवयासुद्धा पिवळ्या झालेल्या असतात. आमचे मिस्त्री म्हणतात, "तुझ्या डोक्यात कोंडा आधीच होता, आता वरूनही आला."

ट्रकवाले मामा तुमच्या बाजूने जातात. त्यांच्याबरोबर एक गोणी पाठवतोय, चार पॉलिशचा तांदूळ. आई खिडकीशी बसून दुकानातल्या तांदळातल्या साळी निवडायची ते मला आठवतं. टरफलासकट राहिलेला तो एक दाणा दाढेखाली आला की ती कशी कळवळायची! या गोणीत एकही साळ सापडणार नाही. सापडली तर माझं नाव बदल.

तिला म्हणावं, आता निवडायचं नाही. नुसतं खायचं.

तुझा,
भिंगरी


घर,
२ फेब्रुवारी

भिंगऱ्या,

गोणी पोचली. मामांनी दारातच हाक मारली, "राणीसाहेबांचा नजराणा आलाय हो!" आईने ओंजळ भरून घेतली आणि पहिल्यांदा काय केलं असेल? गल्लीत दाखवून आली. शिवणाचे कपडे न्यायला येणाऱ्या बायकांनाही सोडलं नाही. "माझ्या लेकाच्या हातचा," म्हणत होती, जणू तू एकेक दाणा बसून घासलास.

भात शिजतो अगदी लोण्यासारखा. तिचे दात आता गेल्यातच जमा आहेत, तेव्हा तिला तो फारच सोयीचा पडतो. तीन-चार पाण्यांत धुते, पाणी अगदी स्वच्छ निघेपर्यंत. मग भरपूर पाण्यात शिजवून वरचं पाणी ओतून देते. म्हणते, असा मोकळा भात मी लग्नातसुद्धा खाल्ला नाही. डाळ वाढली तर म्हणते, कशाला त्याच्यावर डाग पाडतेस? नुसता मीठ घालून खाते, दोन्ही वेळा.

तुझं पत्र मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. 'पॉलिश' हा शब्द तू एका पानात दोन तऱ्हांनी लिहिला आहेस. शाळा सोडलीस चौथीत, पण शब्दांनी तुला पहिलीतच सोडलं होतं.

बाकी ठीक. आईच्या पायांना मुंग्या येतात अधूनमधून. तिचं म्हणणं, "त्याच्या पायाला भिंगरी आणि माझ्या पायाला मुंग्या, देवाने वाटणी बरोबर केली." वय झालं, दुसरं काय.

तुझी,
ताई


भातगिरणी,
२४ फेब्रुवारी

ताई,

आईने गल्लीत तांदूळ मिरवला हे वाचून मी पत्र खिशात घालून दिवसभर फिरलो. मिस्त्रींना दाखवलं, मामांना दाखवलं, वजनकाट्यावरच्या माणसालासुद्धा दाखवलं. माझ्या कामाचं कौतुक कधी झालंय गं? आजवर मला लोकांनी एकच विचारलं, "आता इथून कधी पळणार?"

दुसरी गोणी पाठवतोय. ही खास आहे. चार पॉलिश झाल्यावर मी दाणा पुन्हा एकदा यंत्रातून काढला. मिस्त्री ओरडले, "अरे, आता काय दाणाच गायब करतोस का?" मी म्हटलं, आईसाठी आहे. मग त्यांनीच गोणीचं तोंड धरलं. हा तांदूळ उजेडात धर, काचेसारखा दिसतो.

मुंग्यांना कोमट तेल लाव. आणि आईला हवा तसा खाऊ दे, तू डाळीचा हट्ट धरू नकोस. जन्मभर तिने आपलं उष्टं संपवलं, आता तिच्या ताटात तिच्या आवडीचं असू दे.

मी इथेच आहे. हे दोनदा वाच.

तुझा,
भिंगरी


घर,
२० मार्च

भिंगऱ्या,

दुसरी गोणी मिळाली. सगळं ठीक आहे.

शाळांचे गणवेश शिवायला आलेत, त्यामुळे मशीनवरून उठायला फुरसत नाही. आई जरा बसूनच असते हल्ली. काल मजा झाली. नळापर्यंत जाऊन आली आणि बघते तर एकाच पायात चप्पल. दुसरी वाटेतच निसटली होती आणि बाईसाहेबांना पत्ताच नाही! तशीच दगडांवरून चालत आली. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

तू कामाकडे लक्ष दे. आई आशीर्वाद सांगते.

तुझी,
ताई


भातगिरणी,
५ एप्रिल

ताई,

चपलेची गोष्ट वाचून मला हसू आलं नाही.

आईला दवाखान्यात ने. मोठ्या दवाखान्यात, कोपऱ्यावरच्या गोळ्यावाल्याकडे नाही. आणि माझा तांदूळ बंद कर. दोन्ही गोण्या बंद. का ते विचारू नकोस, मागाहून सांगेन, आत्ता लिहायला हात होत नाही. मामा ट्रक चालू करून बसलेत.

ही तिसरी गोणी पाठवतोय. तांदूळ सडलेला आहे, एकदाच. रंग मळका दिसेल, वास थोडा वेगळा येईल. तू घाबरू नकोस. आईला हाच घाल आणि धुऊ नकोस फार. डाळ घाल, अंडं घाल, ती नको म्हणाली तरी घाल.

भिंगरी


घर,
२६ एप्रिल

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. वाटलं, नेहमीसारखा शब्द चुकला असेल. पण गोणीचं तोंड सोडलं आणि कळलं की या वेळी तू बरोबर लिहिलं आहेस. पूल बंद म्हणून मामांचा ट्रक उन्हात अडकून पडला होता. गोणीतून खवट वास येत होता, दाणे मळके, मधूनमधून साळी.

सडलेला तांदूळ आईला घाल? एकदाच सडलेला आहे म्हणून चालेल? अरे, आमची परिस्थिती बेताची आहे, पण आम्ही उकिरड्यावर जेवत नाही. गिरणीने तुला हा फुकट दिला असेल तर तसं लिही. चांगला पाठवणं जमत नसेल तर तसं लिही. तू पुन्हा काम सोडलंस का? आईच्या जिवावर हे टोमणे कसले मारतोस? नवस करून मागितलेला मुलगा तू, आणि म्हणे धुऊ नकोस फार!

हे पत्र मी तिला वाचून दाखवलं नाही. आजवरचं तुझं प्रत्येक पत्र दाखवलं, हे नाही. तिला म्हटलं, भिंगरी मजेत आहे, तुझ्या तांदळाची चौकशी करतोय. सगळी गोणी शेजारणीच्या कोंबड्यांपुढे ओतली. त्यांनी मिटक्या मारत खाल्ली, त्यांना काय.

आई पाच पॉलिशचाच खाते आहे. आता खरं लिहिते. तिच्या पायांना सूज आहे, गुडघ्यापर्यंत. अंगठ्याने दाबलं तर खड्डा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. दोन पावलं चालली तरी धाप लागते. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणते, पोराचा तांदूळ संपू दे, मग जाऊ.

ताई


भातगिरणी,
७ मे

ताई,

हे पत्र मामांच्या हातात देतोय. मामा आईला ट्रकमधून दवाखान्यात सोडतील, मी त्यांना हात जोडून सांगितलंय. पत्र वाचून झालं की लगेच निघा. भांडी तशीच राहू देत.

ताई, सडलेला म्हणजे कुजलेला नाही गं! इथे यंत्रातून एकदा काढला की त्याला मिस्त्री एक सड म्हणतात. दोनदा काढला की दोन सड. पूर्वी उखळात मुसळाने भात सडायचे ना, त्यातलं सडणं. मीही त्यांच्यासारखं बोलायला लागलो आणि ध्यानातच आलं नाही की तू गिरणीत नाहीस. एवढी वर्षं माझे शब्द चुकले तेव्हा तू ते नीट करून वाचलेस. एकदाच बरोबर लिहिला आणि घात झाला.

पण चूक शब्दाची नाही. मी कारण लिहिलं असतं तर तुला शब्द कळला असता. ते आता लिहितो.

गिरणीत महिन्यातून एकदा डॉक्टरीणबाई येतात, धुळीने आमची छाती भरते ती तपासायला. तुझं चपलेचं पत्र खिशात होतं. मी त्यांना आईच्या पायांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जेवते काय?"

"भात."

"आणखी?"

"भातच. मी घासलेला, पाच वेळा." मी छाती फुगवून सांगितलं गं. त्यांची नळी माझ्या छातीवरच होती.

त्यांनी ती कानांतून काढली. "धुते किती वेळा?"

"पाणी स्वच्छ होईपर्यंत."

"आणि शिजल्यावर वरचं पाणी?"

"ओतून देते."

मग त्यांनी माझ्या बाहीवरचा कोंडा बोटाने टिपला आणि माझ्या डोळ्यांपुढे धरला. म्हणाल्या, "नसांना आणि हृदयाला जे जीवनसत्त्व लागतं, ते तांदळात असतं इथे. या सालीत आणि दाण्याच्या टोकाला जो बारीक कोंब असतो त्यात. तू ते घासून काढतोस. जे थोडं उरतं ते ती धुण्यात आणि पाण्यात घालवते. पोट भरतं बाबा, पण नसा उपाशी राहतात."

मी विचारलं, म्हणजे पांढरा तांदूळ विष आहे का? त्या म्हणाल्या, नाही, वेडा आहेस का, जगभर खातात. सोबत डाळ, भाजी, अंडं असेल तर ते भरून निघतं. पण नुसता तोच, दोन्ही वेळा, महिनोन् महिने, तोही म्हातारीला? आणि हेही म्हणाल्या की आता नुसता तांदूळ बदलून भागणार नाही. आधी इंजेक्शन, तेही लवकर. सूज आणि धाप असेल तर एक दिवसही थांबायचं नाही. दवाखान्यात पहिलं वाक्य हेच सांग, की ही फक्त पांढऱ्या तांदळावर आहे.

हे सगळं मला एप्रिलमध्येच कळलं होतं. लिहिलं नाही, कारण मला लिहिता येईना. आईच्या तोंडात मी घास घातला आणि तिच्या पायांतलं बळ कोंडा म्हणून कोंबडीवाल्याला विकायला ठेवलं, हे कुठल्या शब्दांत लिहितात?

रजा मागितलीय. नाही मिळाली तर काम सोडून येतो. उठ आता. मामा थांबलेत.

भिंगरी


मोठा दवाखाना,
१९ मे

भिंगऱ्या,

आई आहे. हे आधी लिहिते.

बाकड्यावर बसून लिहिते आहे, अक्षर हललं तर समजून घे. मामांनी तिला उचलूनच ट्रकमध्ये बसवलं. मी दारातच तुझं वाक्य म्हटलं, पाठ केल्यासारखं. तरुण डॉक्टर होते, त्यांनी तिच्या घोट्याला हात लावला, छाती ऐकली आणि दुसरं काही विचारायच्या आत इंजेक्शन मागवलं. दुसऱ्या दिवशी धाप उतरली. चौथ्या दिवशी मी अंगठ्याने दाबलं तर खड्डा पडला नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर हृदयाने हात टेकले असते.

त्यांनी दुखण्याचं नाव सांगितलं, बेरीबेरी. आई म्हणाली, "घरात तुपाचा थेंब नाही आणि बेरी, तीही दोनदा?" अख्खा वॉर्ड हसला. मला हसता आलं नाही.

पायांचं मात्र सांगता येत नाही. सुईने टोचून बघतात. ती दुसरीकडे बघत असते आणि विचारते, "झालं का टोचून?" नसा हळूहळू जाग्या होतात, म्हणाले, महिने लागतील. आणि सगळ्या होतीलच असंही नाही.

तुझी दोन्ही पत्रं मी काल तिला वाचून दाखवली, मी दडवलेलंही. 'सडलेला' आला तशी तिने मला थांबवलं. म्हणाली, "एकसडी तांदूळ पाठवला होता त्याने? अगं, लहानपणी मी रोज पहाटे सडायची. हाताला घट्टे होते माझ्या. मला का नाही विचारलंस?" तिला वाईट वाटू नये म्हणून ज्या एकीला तो शब्द कळला असता, तिच्यापासूनच मी तो लपवला.

मग जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते. "पाय बधिर होतायत हे मला फेब्रुवारीतच कळलं होतं. भाताचीही शंका आली होती. पण पोरगं पहिल्यांदा कुठेतरी टिकलं होतं. त्याचा तांदूळ नको म्हटलं असतं तर त्याने गिरणीही सोडली असती. पाय गेले तर गेले, म्हटलं, त्याचा तरी पाय एका जागी ठरू दे."

म्हणून तिचा निरोप आहे, काम सोडून येऊ नकोस. आलास तर तोंड बघणार नाही म्हणते. तू टिकावास म्हणून तिने जे मोजलंय ते वाया घालवू नकोस. आणि भिंगऱ्या, मीही तुला फार लागेल असं लिहिलं होतं. ते पत्र फाडून टाक.

तुझी,
ताई

ता. क. शेजारीण आईसाठी रोज अंडं पाठवते. म्हणते, तुमचाच तांदूळ खाऊन कोंबड्या अशा माजल्यात. म्हणजे तुझी गोणी शेवटी आईच्याच पोटात गेली, वळसा घालून.


भातगिरणी,
११ जून

ताई,

आलो नाही. आईने सांगितलं म्हणून आलो नाही. आजवरचं सगळ्यात अवघड काम ते.

मी अजून पॉलिशवरच आहे. दिवसभर पांढराच घासतो, बाजाराला तोच लागतो. लोक मूठ उजेडात धरतात आणि म्हणतात, वा! मला आता त्या चकाकीकडे बघवत नाही, खाली कोंड्याची धार लागते तिच्याकडेच नजर जाते. मिस्त्रींनी विचारलं, "काय रे, पळायचा विचार आहे का?" मी म्हटलं, नाही, मला पळायची परवानगी नाही.

मामांबरोबर ताजा एकसडी पाठवतोय. आता शब्द नीट वाच! थोडाच पाठवला आहे, कारण यातला कोंडा तेलकट असतो, उन्हात राहिला की खवट होतो. महिन्याला एवढाच पाठवत जाईन. शिजायला वेळ लागतो, आधी भिजत घाल आणि ते पाणी फेकू नकोस, त्यातच शिजव. मऊ होईपर्यंत शिजव, तिला दात नाहीत. एका पॉलिशमध्ये साळी राहतात, त्या निवडून घे.

पायांचं काय ते खरं लिही. ठीक आहे असं लिहू नकोस.

भिंगरी


घर,
२ सप्टेंबर

भिंगऱ्या,

खरं लिहायचं तर जुलैत लिहिण्यासारखं काही नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. ऑगस्टमध्येही नव्हतं. आई भिंत धरून चालते. पाय कुठे पडतो ते तिला डोळ्यांनी बघावं लागतं, म्हणून मान सदा खाली. काठी घेत नाही, म्हणते काठी म्हाताऱ्यांसाठी असते. जेवते नीट. डाळीला आता 'डाग' म्हणत नाही. गोळ्या मी समोर बसून देते.

काल दुपारी मी मशीनवर होते. आई खिडकीशी बसून तुझा तांदूळ निवडत होती. पहिल्या गोणीच्या वेळी तू तिला निवडायचं नाही म्हणाला होतास, पण आता तिला तेच काम हवं असतं. उठून आत जायला निघाली, भिंत धरून, अनवाणी. आणि एकदम ओरडली.

मी मशीन सोडून धावले. वाटलं, पडली. ती भिंतीला टेकून एका पायावर उभी होती, उजवा पाय हातात धरलेला. मला म्हणाली, "अगं, बघ तरी काय टोचलं ते!"

पायाच्या तळव्याला एक साळ रुतली होती. आम्ही दोघी त्या दाण्याकडे बघत राहिलो. मग ती खाली बसली आणि रडायला लागली. मी तिला एवढं मोठ्याने रडताना तू घर सोडून गेलास तेव्हाही पाहिलं नव्हतं. रडता रडताच म्हणाली, "लिही त्याला. म्हणावं, तुझ्या तांदळात साळ सापडली. आता तुझं नाव काय ठेवू?"

उजव्या पायाला कळतंय. डावा अजून गप्प आहे.

तुझी,
ताई


भातगिरणी,
१६ सप्टेंबर

ताई,

पत्र यंत्राशी उभं राहून वाचलं. मिस्त्रींनी विचारलं, डोळ्यात काय गेलं? मी म्हटलं, कोंडा.

नाव तिला हवं ते ठेवू दे. पुढच्या गोणीत मी मूठभर साळी मुद्दाम सोडतोय, डाव्या पायासाठी. जमिनीवर सांडल्या तर सांडू देत.

निवडू नकोस.